तिरका चौकोन उसवू नका

पत्र

आम्ही नऊ मैत्रिणी. शिकताना एकाच वसतिगृहात राहिलो, मग जिकडेतिकडे पांगलो. यंदा बऱ्याच वर्षांनी सगळ्याजणी चार दिवस एकत्र राहणार आहोत. त्यानिमित्त प्रत्येकीने बारा इंची एक चौकोन करायचा आणि नऊ चौकोनांची मिळून एक गोधडी शिवायची, असं मी सुचवलं. ग्रुपवर सगळ्यांनी बदाम पाठवले. मी माझा चौकोन लगेच केला आणि फोटो टाकला. त्याला चार महिने झाले. माझ्यासकट सात चौकोन आलेत. त्यातला एक अकराच इंचाचा आहे. एक इतका तिरका की कसाही फिरवला तरी कलंडलेलाच दिसतो. एकीने रेशमी कापड वापरलंय, एकीने तर चक्क बाहेरून मशीनवर भरतकाम करून घेतलंय. दोघींचा पत्ताच नाही. शिवाय एकीने खासगीत कळवलंय की माझा चौकोन 'तिच्या' शेजारी लावू नकोस. मला शिवण चांगलं येतं. तिरका चौकोन उसवून मीच नीट शिवला तर? तिला काही कळणार नाही. आणि गोधडी झाल्यावर ठेवायची कुणाकडे? खरं सांगू, मला आता या सगळ्याचा कंटाळा आलाय.

— सुईदोऱ्यात अडकलेली

उत्तर

प्रिय मैत्रीण,

उसवू नका. तिला कळेल.

जिला शिवायची सवय नाही, तिने त्या चौकोनावर किती संध्याकाळी घातल्या असतील याचा अंदाज तुमच्यासारख्या सराईत हाताला चटकन येत नाही. दोरा कुठे संपला, कुठे गुंता झाला, कुठला टाका चुकून खोल गेला आणि तसाच ठेवला, हे सगळं तिला पाठ असतं. गोधडी उलगडली की प्रत्येकीची नजर आधी स्वतःच्या चौकोनावर जाते. तो सरळ दिसला तर ती तुम्हाला काही विचारणार नाही. पण आपल्या कामाबद्दल तुम्हाला काय वाटलं, ते तिला समजेल.

आणि तिरकेपणा लपवायला उसवावं लागतच नाही. तो चौकोन समोरासमोरच्या दोन कडांनी धरून हलकेच ओढून बघा. एका बाजूने भसकन ताणला गेला तर कापडच तिरकं, म्हणजे उरेब कापलं गेलंय. शिवणारीचा त्यात काही दोष नाही. अशा कापडावर इस्त्री घासू नका, वरून ठेवा आणि उचला. मग त्याच्यामागे धुतलेल्या सुती कापडाचा तुकडा उभ्या-आडव्या धाग्यात सरळ कापून कच्च्या टाक्यांनी जोडा. आता तो ताणला जाणार नाही.

पुढचं काम सगळ्या चौकोनांना करा, एकाच चौकोनाला नको. प्रत्येकाच्या चारी बाजूंना तीन इंच रुंदीची पट्टी जोडा. जाड पुठ्ठ्याचा साडेचौदा इंची चौकोन कापून घ्या. तो पट्ट्या लावलेल्या चौकोनावर ठेवा आणि आतलं चित्र डोळ्यांना सरळ वाटेपर्यंत पुठ्ठाच फिरवा. मग कडेने रेघ मारून कापा. तिरक्या चौकोनाच्या पट्ट्या एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळत्या होतील, अकरा इंचीच्या पट्ट्या जरा जास्त रुंद दिसतील, इतकंच. शिलाईत सगळीकडून पाव-पाव इंच गेलं की हरेक चौकोन बरोबर चौदा इंचांचा उरतो. तीन ओळींत तीन-तीन लावले की बेचाळीस इंच झाले. भोवती सहा इंचांची किनार घेतलीत तर चोपन्न बाय चोपन्नची गोधडी होते. दोघींनी गुडघ्यांवर घेऊन गप्पा मारत बसावं, एवढी.

पट्ट्या सगळीकडे एकाच रंगाच्या घ्या, आणि शक्यतो पांढऱ्या नकोत. पांढऱ्यावर प्रत्येक चौकोन सुटा पडतो आणि त्यातलं उणंदुणं आधी दिसतं. राखाडीकडे झुकणारा निळा किंवा मातकट हिरवा, असा मधल्या गडदपणाचा रंग नऊ वेगवेगळ्या स्वभावांची कापडं सांभाळून घेतो. हे माझं मत. तुमच्याकडे नऊही चौकोन जमिनीवर मांडून बघायची सोय आहे, तेव्हा डोळ्यांना पटेल ते करा.

आता त्या अकरा इंचांबद्दल. तुम्ही 'बारा इंची' म्हणालात, पण ते कापायचं माप होतं की शिवल्यावर दिसायचं? शिलाईसाठी किती सोडायचं? कापड कुठलं? पत्रात हे काही नाही. ग्रुपवरही सांगितलं नसावं, असं मला वाटतं. रोज शिवणाऱ्या बाईला ज्या गोष्टी सांगायची गरज वाटत नाही, नेमक्या त्याच न शिवणारीला माहीत नसतात.

एड्सने गेलेल्या माणसांच्या स्मरणार्थ सॅन फ्रान्सिस्कोत १९८७ मध्ये सुरू झालेल्या प्रचंड गोधडीची गंमत पाहा. तिच्यात हजारो अनोळखी हातांचं काम एकत्र आलं. त्यातल्या कित्येकांनी आधी कधी सुई धरली नसेल. नियम मुख्यतः मापाचा होता: प्रत्येक पट, म्हणजे कापडाचा तुकडा, तीन फूट बाय सहा फूट. त्याच्या आत भरतकाम करा, रंगवा, जीन्सचा तुकडा लावा, टेडी बेअर शिवा, काहीही करा. असे आठ पट जोडले की बारा फुटी एक चौरस होतो. बाहेरचं माप कडक आणि आत पूर्ण मोकळीक, म्हणूनच ते जुळलं. तुमच्याकडे उलट झालंय. माप सैल राहिलं, आणि आतल्या कामाची अपेक्षा मात्र नकळत ताठ झाली.

कशी, ते सांगते. रागावू नका. सगळ्यात पहिला चौकोन तुमचा, ज्यांना 'शिवण चांगलं येतं' त्यांचा. त्याचा फोटो ग्रुपवर. तो बघून बाकी आठजणींनी आपापलं कापड पुन्हा कपाटात ठेवलं असणार. एकीने मग बाहेरून करून घेतलं, दोघी गप्प बसल्या. हे आळसाने होतं तसंच लाजेनेही होतं, आणि माझा अंदाज लाजेचा आहे. तेव्हा पहिलं काम म्हणजे आता कुठल्याही चौकोनाचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. सगळे एकदम, त्या चार दिवसांतच बघायचे.

उरलेल्या दोघींना 'कधी पाठवतेस' असं विचारू नका. त्यांना कापडच पाठवा. धुतलेलं, इस्त्री केलेलं, चौदा इंची कापलेलं, आणि आत पेन्सिलीने अकरा इंचांचा चौकोन आखलेलं. बरोबर दोन रंगांचा दोरा आणि एक सुई. सोबत चिठ्ठी: रेघेच्या आत काय हवं ते कर, नुसतं नाव लिहून त्यावर धावदोरा घातलास तरी चालेल. परत आलं की पट्ट्या लावण्याआधी बाकीच्यांसारखं बारा इंचांवर कापून घ्या. हे पाकीट हातात पडल्यावर निम्म्याजणींचं काम त्याच आठवड्यात होतं. त्यातूनही एखादी म्हणाली की नाही गं, मला खरंच जमत नाही, तर तिचं ऐका. पट्ट्यांचं कापड तिला निवडू द्या, किनार तिला कापू द्या. हाताचा वाटा चौकोनातूनच आला पाहिजे असं कुठे आहे?

तिरके टाके गोधडीचं मोल कमी करतात असं वाटत असेल तर 'राजा' गोधडीची हकिकत तुम्हाला ठाऊक असायला हवी. १८४१ च्या एप्रिलमध्ये 'राजा' नावाचं जहाज इंग्लंडहून १८० शिक्षा झालेल्या स्त्रियांना घेऊन निघालं आणि जुलैत टास्मानियाला, तेव्हाच्या व्हॅन डीमन्स लँडला, पोचलं. तुरुंगसुधारणेसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्राय यांच्या मंडळातल्या बायकांनी या कैदी स्त्रियांना कापडाचे तुकडे, सुया आणि दोरे दिले होते. त्या प्रवासात त्यातल्या काहीजणींनी मिळून २,८१५ तुकड्यांची एक मोठी गोधडी शिवली. आज ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. फार नाजूक झाल्यामुळे क्वचितच बाहेर काढतात. ती बघताना अनेक हात कळतात, काही तयार, काही अगदी नवखे. सुई टोचून पडलेले रक्ताचे बारीक डागही अजून दिसतात. एखाद्या नीटनेटक्या बाईने 'जरा सारखं करून घेऊ' म्हणून नवख्या हातांचं काम उसवलं असतं, तर आज तिथे एक सुबक गोधडी उरली असती आणि त्या बायका गेल्या असत्या.

तिच्यात एक उणीव मात्र आहे, आणि ती तुमच्या कामाची आहे. खालच्या किनारीत, रेशमी दोऱ्याने, त्या मंडळातल्या बायकांचे आभार मानणारा मजकूर भरलाय. शिवणारींची नावं कुठेच नाहीत. कुठला कोपरा कुणाचा, हे आता कुणालाही सांगता येणार नाही.

याउलट दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, सिंगापूरच्या चांगी तुरुंगात डांबलेल्या स्त्रियांनी केलेल्या तीन गोधड्या. प्रत्येकीत ६६ चौकोन. जखमी सैनिकांसाठी म्हणून त्या केल्या होत्या, पण नवरे त्याच तुरुंगाच्या दुसऱ्या भागात कोंडलेले, भेटायची सोय नाही. तेव्हा चौकोनावर आपलं नाव घालणं म्हणजे 'मी जिवंत आहे' हा निरोपच होता. त्या नावांमुळे बहुतेक चौकोन कुणाचे हे आजही सांगता येतं.

म्हणून तुमच्या गोधडीवर नऊ नावं हवीत, आणि ती प्रत्येकीच्या स्वतःच्या अक्षरात. तुम्ही सुबक अक्षरात सगळ्यांची लिहून काढू नका. एकेकीने पेन्सिलीने सही करायची आणि मग त्या रेघेवर बारीक टाके घालायचे. पेन वापरायचा असेल तर कापडासाठीच मिळणारा पक्क्या रंगाचा घ्या, आणि लिहून झाल्यावर मागून गरम इस्त्री फिरवा. साधी शाई अजिबात नको. अमेरिकेत १८४० च्या सुमारास मैत्रिणींच्या सह्या घेऊन गोधड्या करायची मोठी लाट आली होती. कुणी दूरदेशी जायला निघाली की तिला ती द्यायची. त्यातल्या कित्येक जुन्या गोधड्यांवर सहीच्या जागी आता भोकं आहेत, कारण शाईतल्या लोहाने कापड खाल्लं. नाव टिकावं म्हणून लिहिलं, आणि आधी नावच गेलं.

रेशमाच्या चौकोनाची फारशी चिंता नको. मागे पातळ मलमल जोडा आणि दोन्ही थर एकच समजून शिवा. रेशीम सरकतं, म्हणून टाचण्या नेहमीपेक्षा जवळ लावा, पण शिलाईच्या जागेतच, नाहीतर भोकं राहतात. खरी काळजी रंगाची घ्या. सातही चौकोनांवर, विशेषतः लाल, गडद निळ्या आणि काळ्यावर, ओला पांढरा रुमाल दाबून थोडा वेळ तसाच ठेवा. रुमालाला रंग लागला तर तो चौकोन आधी एकटा गार पाण्यातून काढा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. तरी रंग सुटतच राहिला तर गोधडी पाण्यात घालायची नाही असं ठरवा आणि मागे तसं लिहून ठेवा. पट्ट्यांचं, किनारीचं आणि अस्तराचं कापड मात्र शिवण्याआधी धुवाच. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, आणि जोडल्यावर आटलं तर सगळी गोधडी सुरकुतते.

बाहेरून करून आणलेला चौकोन? मलाही जरा नाक मुरडावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तो परत पाठवू नका. तिला तुमच्या त्या चार दिवसांत सही करायला बसवा, म्हणजे तिचा हात त्यावर लागेल. बाकी चर्चा नको.

शेजारी नको म्हणणारीचं ऐका. निमूटपणे ऐका, कुणाला सांगू नका, आणि गोधडीच्या निमित्ताने दोघींचं मिटवायला तर मुळीच जाऊ नका. तीन ओळींच्या मांडणीत समोरासमोरचे दोन कोपरे एकमेकांपासून सगळ्यात लांब पडतात. एकीला वरचा डावा द्या, दुसरीला खालचा उजवा. विचारलं कुणी तर रंगसंगती म्हणा, तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. गोधडीची चौघडी घातली की चारही कोपरे एकमेकांवर येतात, पण तो हिशेब त्यांचा त्यांना करू द्या.

कंटाळ्याचं कारण तुमच्या पत्रातच दिसतं. तुम्ही यात मैत्रीण राहिला नाहीत, मुकादम झालात. मोजणं, तपासणं, आठवण करणं, आणि आता दुरुस्तीही. यावर माझा उपाय असा की गोधडी तयार करून नेऊच नका. पट्ट्या लावून नऊ चौकोन जोडा, किनार लावा आणि थांबा. चोपन्न इंचांचा हा वरचा थर झाला. अस्तर आणि मधला भराव चारी बाजूंनी चार-चार इंच जास्त, म्हणजे बासष्ट इंच कापून घ्या. हे सगळं सुटंच बरोबर न्या.

तिथे एक दुपार त्यासाठी राखा. अस्तर उलटं करून जमिनीवर पसरा आणि कडा चिकटपट्टीने ताणून बसवा, पण ओढून नको. त्यावर भराव, त्यावर जोडलेला थर. मधून कडेकडे हाताने सपाट करत जा आणि त्याच क्रमाने टाचण्या लावा. कडेकडून सुरुवात केलीत तर मध्ये फुगा येतो आणि तो नंतर कशानेही जात नाही. आता सगळ्याजणी भोवती बसा. जाड सुई, भक्कम सुती दोरा. वरून खाली, पाव इंचावरून पुन्हा वर, तोच टाका आणखी एकदा, मग उजवं टोक डाव्यावरून आणि दुसऱ्यांदा डावं उजव्यावरून घेऊन घट्ट गाठ. टोकं पाऊण इंच ठेवून कापा. दर चार इंचांवर, साधारण तळहाताच्या रुंदीवर, एक गाठ. चोपन्न इंचांत तेरा ओळी तेरा-तेरा गाठींच्या धरल्या तर १६९ होतात, म्हणजे एकीच्या वाट्याला साधारण एकोणीस. ज्यांना सुईची भीती आहे त्याही दहा मिनिटांत शिकतात, कारण इथे टाका सरळ यायची गरजच नाही. भराव घेताना पाकिटावर दोन टाक्यांमधलं अंतर किती चालतं ते वाचा. काही सुती भरावांना चार इंच जास्त होतात, मग गाठी जवळ घ्याव्या लागतात.

गाठी घालताना मान खाली असते, हात कामात असतात, कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. वर्षानुवर्षं न बोललेल्या गोष्टी अशा वेळी निघतात. त्या दुपारी कुणाला घाई करू नका, आणि कुणाच्या गाठी मोजू नका. कडेचा गोट तुम्ही घरी जाऊन निवांत लावा. तिथे तुमचा सराईत हात खुशाल दिसू द्या.

राहिला प्रश्न ठेवायची कुणाकडे. तो गाठी घालायच्या आधी सोडवा, नंतर नाही. एकत्र केलेली वस्तू पूर्ण झाली की प्रत्येकीला ती आपली वाटायला लागते, आणि मग बोलणं अवघड होतं. नऊजणींत एक गोधडी फिरती ठेवणं सगळ्यात बरं. वर्षभर एकीकडे, मग पुढचीकडे, आणि हातोहात द्यायची, म्हणजे निदान दोघींची भेट होते. कुणाला फिरती नकोच असेल तर दुसरी रीत आहे: प्रत्येकीने सहा इंची नऊ चौकोन करायचे, एकेक प्रत्येकीला द्यायचा, एक स्वतःला ठेवायचा. एक्क्याऐंशी चौकोन होतात आणि नऊ छोट्या गोधड्या. पण तुमच्या ग्रुपचा आत्तापर्यंतचा वेग बघता ते मी सुचवणार नाही.

फिरती ठेवलीत तर मागच्या बाजूला कापडाची एक पट्टी शिवा. त्यावर वर्ष, नऊ नावं, आणि सांभाळायच्या चार गोष्टी: उन्हात टांगायची नाही, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची नाही, जुन्या सुती चादरीत गुंडाळायची, आणि मधूनमधून घडी मोडून दुसऱ्या रेघेवर घालायची. एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिलं की कापड तिथेच विरतं. धुतलीच तर दोरीवर टाकू नका. ओल्या गोधडीचं वजन टाक्यांवर येतं, म्हणून सपाट पसरून वाळवा. आणि एक नियम तोंडी ठरवा, तो लिहायला नको: डाग पडला तर माफी मागायची नाही. नाहीतर ज्या घरात लहान मूल किंवा मांजर आहे तिथे ती वर्षभर कपाटात बंद राहील.

पाळी ठरवायला चिठ्ठ्या टाका. पहिल्या वर्षी तुमच्याकडे नको, इतकं माझं ऐका. तुमचं नाव आधी निघालं तर चिठ्ठी परत घडी करून टाका आणि दुसरी उचला.